नवा खेकडा, जुने दप्तर

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण भागात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर बोनेर नावाचे एक छोटे बेट आहे. २०१० पासून ते नेदरलँड्सचा एक खास नगरप्रदेश म्हणून चालते. बेटाभोवतीचा सगळा उथळ समुद्र १९७९ पासून संरक्षित उद्यान आहे. या उद्यानातल्या एका मोठ्या प्रवाळ-कडेखाली, जेमतेम १३.७ मीटर खोलीवर, पाणबुड्यांच्या ओळखीच्या काही कपारी आहेत. एकीत लाल शेवंड्यांची जोडी राहते, तर दुसरीत पट्टेरी मोरे मासा, म्हणजे आपल्या वामेसारखा लांबट दिसणारा, पण प्रवाळात राहणारा मासा. याच कपारींत शंखात राहणारा एक चिमुकला खेकडा दिसला. त्याचे अंग काही मिलिमीटरांचे, पायांवर आणि पंजांवर पांढऱ्या-लाल रंगाचे ठसठशीत पट्टे आणि उजवा पंजा डाव्याहून कितीतरी मोठा. बेटावरच्या एका छायाचित्रकार बाईंनी त्याचे फोटो काढले. ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले शंखखेकड्यांचे जाणकार राफाएल लेमेत्र यांच्यापर्यंत पोचले आणि २०१७ च्या जानेवारीत ‘झूकीज’ या नियतकालिकात त्याचे सविस्तर वर्णन छापून आले. पायलोपॅग्युरॉप्सिस या प्रजातीतली ती जगातली विसावी जात. अशा वेळी बातमी एकाच साच्यातली असते: समुद्रात नवा जीव सापडला. त्यातला ‘सापडला’ हा भाग समुद्राचा आहे, हे खरे. ‘नवा’ हा भाग मात्र समुद्राचा नाही. तो कागदपत्रांचा, बाटल्यांचा आणि जुन्या भांडणांचा आहे, आणि त्यातला एक मोठा हिस्सा मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

एखादा जीव नवा आहे म्हणजे नेमके काय? तो पृथ्वीवर नव्याने आला असा अर्थ तर नाहीच. बोनेरचा हा खेकडा माणसाच्या आधीपासून तिथे असणार. तो कुणी पाहिलाच नव्हता असेही ठामपणे म्हणता येत नाही. ‘नवा’ या दाव्याचा अर्थ एवढाच की आजवर झालेल्या नोंदींत त्याची नोंद नाही. हा दावा करायचा तर आजवरच्या नोंदी तपासाव्या लागतात. प्राण्यांच्या नावांपुरते हे ‘आजवर’ १७५८ पासून सुरू होते, कारण लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅच्युरे’ची दहावी आवृत्ती त्या वर्षीची, आणि प्राणिनामांचे आंतरराष्ट्रीय नियम त्याच्या मागे जात नाहीत. जमिनीचा फेरफार मंजूर व्हायचा तर तलाठ्याला आधीचे सगळे फेरफार बघावे लागतात. नुसते शेत पाहून भागत नाही. तसेच इथे. लेमेत्र यांच्यापुढे प्रश्न असा होता की हा पट्टेरी खेकडा आधीच नोंदलेल्या एकोणीस जातींपैकी एखादी तर नाही? उत्तरासाठी त्यांनी त्याला आधी एका गटात बसवले. या गटातल्या सगळ्यांच्या मोठ्या उजव्या पंजाची खालची बाजू आतून कोरून काढल्यासारखी खोलगट असते. मग गटातल्या उरलेल्या पाच जातींशी त्याची अवयवागणिक तुलना केली. कल्ल्यांची रचनासुद्धा बारकाईने नोंदली. ही तुलना शक्य झाली कारण त्या पाच जाती कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी तितक्याच बारकाईने लिहून ठेवल्या होत्या.

या प्राण्याकडे माणसाचे लक्ष मात्र फार जुने आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात शंखात राहणाऱ्या खेकड्याची दखल घेतली आहे. गोगलगायीसारखा तो शंखाला जोडलेला नसतो आणि वाढला की मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवतो, हे त्याला ठाऊक होते. त्यानंतरची बरीच शतके लोकांना रस राहिला तो शंखात, आतल्या भाडेकरूत नाही. सतराव्या शतकात अंबोन बेटावर डच कंपनीच्या नोकरीत असलेला रुम्फियस हा याचा सर्वांत मौजेचा साक्षीदार. त्याने गोळा केलेले उत्तमोत्तम शंख वाळायला ठेवले, तर रात्री हे खेकडे चढून येत, आपले जुने झिजलेले शंख तिथेच टाकून देत आणि नवे घेऊन पसार होत. रुम्फियसची ही तक्रार १७०५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, त्याच्या ग्रंथात छापली गेली. पण हा चोर नेमका कोण, त्याच्या किती जाती, एकीचे दुसरीशी काय नाते, हे विचारायची पद्धत तेव्हा पडली नव्हती. ती पडली लिनियसनंतर, आणि सुरुवातीला तीही ढोबळच होती. लिनियसने शंखखेकडेसुद्धा साध्या खेकड्यांच्याच एका मोठ्या ‘कॅन्सर’ प्रजातीत कोंबले. दोन-तीन ओळींचे लॅटिन वर्णन, एखाद्या जुन्या चित्राचा हवाला, की झाली जात. अशा वर्णनावरून कोणता प्राणी लेखकाच्या डोळ्यासमोर होता ते ओळखताना पुढच्या पिढ्यांच्या नाकी नऊ आले. त्याचा एक नमुना पुढे येईलच.

बोनेरच्या खेकड्याची खरी वंशावळ मात्र सुरू होते ती मुंबईच्या गोदीत. ‘इन्व्हेस्टिगेटर’ ही लाकडी, चाकांवर चालणारी आगबोट १८८१ मध्ये मुंबई गोदीतून पाण्यात उतरली. तिचे काम हिंदुस्थानच्या किनाऱ्यांचे नकाशे करणे आणि खोली मोजणे हे होते. जीवशास्त्र हे तिच्यावर बसवलेले पोटकाम होते. बोटीवर एक डॉक्टर असायचा. सर्वेक्षणाच्या धामधुमीतून सवड मिळेल तेव्हा जाळे टाकून वर येईल ते स्पिरिटच्या बाटल्यांत भरायचे, ही त्याची जादा जबाबदारी. आल्फ्रेड अल्कॉक हा असाच इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर १८८८ ते १८९२ या काळात बोटीवर होता आणि पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा अधीक्षक झाला. तिकडे मद्रासला जॉन रॉबर्टसन हेंडरसन हा मद्रास ख्रिश्चन कॉलेजात प्राध्यापक होता. ‘चॅलेंजर’ या प्रसिद्ध मोहिमेत मिळालेल्या शंखखेकड्यांवरचा आणि त्यांच्या भाऊबंदांवरचा अहवाल त्याने १८८८ मध्ये लिहिला होता, म्हणजे माणूस या कामात मुरलेला होता. १८९३ मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या कवचधारी प्राण्यांवर एक मोठा निबंध छापला. त्यात एका पट्टेरी खेकड्याला त्याने ‘झेब्रा’ हे नाव दिले. ‘इन्व्हेस्टिगेटर’च्या १८९३–९४ च्या हंगामात मिळालेले शंखखेकडे त्याच्याकडेच तपासायला आले. त्याचा अहवाल १८९६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्यात मोठ्या पंजाची आणखी एक जात नोंदली गेली, ‘मॅग्निमॅनस’. १९०५ मध्ये अल्कॉकने कलकत्त्याहून इंडियन म्युझियममधल्या शंखखेकड्यांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात त्याने या ‘मॅग्निमॅनस’ला प्रमाण धरून एक नवी प्रजाती उभी केली: पायलोपॅग्युरॉप्सिस. बोनेरच्या खेकड्याचे आडनाव ते हेच.

नोंद असते म्हणजे काय असते, ते इथे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. शंखखेकड्याचे पोट मऊ, पिळवटलेले आणि उजवीकडे वळलेले असते, कारण बहुतेक शंख त्याच दिशेने वळतात. कवच टणक असते ते फक्त पुढच्या भागावर. मोजमाप घेतात ते या टणक तुकड्याचे. पोट मऊ असल्याने ते मोजून उपयोग नाही. मग कोणता पंजा मोठा हे पाहतात. कोकणच्या पुळणीवर दिसणाऱ्या डायोजिनीस प्रजातीतल्या खेकड्यांचा डावा पंजा मोठा असतो. पायलोपॅग्युरॉप्सिस ज्या कुळात मोडते त्या कुळात उजवा. या एका खुणेने अर्धी छाननी होते. उरलेली सगळी भिंगाखालची: कल्ले कसे चिरलेले आहेत, पोटाखालचे चिमुकले उपांग कुठे जोडीने आहेत आणि कुठे एकटे, पंजाच्या कडेला काटे आहेत की गुठळ्या, डोळ्यांच्या देठाशी असलेली खवल्यासारखी पट्टी टोकाला कशी आहे. अल्कॉकच्या पिढीने हे सगळे हाताने काढलेल्या चित्रांत आणि कोरड्या, तुटक वाक्यांत भरले. त्या वाक्यांत साहित्यगुण नाहीत. पण प्रत्येक वाक्य असे आहे की शंभर वर्षांनंतर दुसऱ्या महासागरातला प्राणी हाती घेऊन ‘हे जुळते, ते जुळत नाही’ असे म्हणता येते.

या वाटेवरचा पुढचा मुक्काम गालापागोस. विल्यम बीब यांची ‘आर्क्ट्युरस’ मोहीम १९२५ मध्ये तिथे गेली. तिच्यातल्या शंखखेकड्यांचे वर्णन ली बून यांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध केले. खोलगट पंजाचा एक खेकडा त्यांना इतका वेगळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच काढली आणि बेटांच्या नावावरून तिला ‘गालापॅग्युरस’ म्हटले. जातीचे नाव बीब यांचे सहकारी जॉन टी-व्हॅन यांच्यावरून पडले. पुढे पॅट्सी मॅक्लॉफ्लिन आणि जॅनेट हेग या दोघींनी सगळी जुनी प्रकरणे पुन्हा उघडली. हेंडरसनच्या ‘झेब्रा’ आणि ‘मॅग्निमॅनस’ या दोन जाती नेमक्या कोणत्या आणि बूनच्या ‘गालापॅग्युरस’चे स्थान काय, हाच त्यांच्या १९८९ च्या निबंधाचा विषय होता. निकाल असा लागला की गालापागोसचा खेकडा अल्कॉकच्या प्रजातीतलाच. कलकत्त्याचे नाव आधीचे, म्हणून ते राहिले आणि बेटांचे नाव मिटले. पण त्या निबंधाची दुसरी फलश्रुती अधिक बोलकी आहे: त्यात एकदम सात नव्या जातींचे वर्णन आले. जुन्या दोन नावांची छाननी करताना सात नवे जीव पदरात पडावेत, यात आश्चर्य वाटायचे कारण नाही. नाव धूसर असले की त्याच्या आडोशाला बरेच जण लपून राहतात. ‘झेब्रा’ म्हणजे नेमके कोण हे ठरल्याशिवाय ‘झेब्रा नसलेले’ कोण, हे कळणार कसे? बोनेरच्या खेकड्याचा सर्वांत जवळचा भाऊ गालापागोसकडचा हा टी-व्हॅनच्या नावाचा खेकडाच आहे. पनामाची संयोगभूमी सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पूर्ण उभी राहिली आणि दोन्हीकडचे समुद्र कायमचे तुटले. अशा भावंडजोड्या तिच्या दोन्ही अंगांना पुष्कळ आहेत. म्हणजे १९८९ मध्ये गालापागोसच्या खेकड्याचा जुना दावा निकाली निघाला नसता, तर २०१७ मध्ये बोनेरचा खेकडा ‘त्याच्यासारखा, पण तो नव्हे’ असे म्हणायला आधारच उरला नसता.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. दप्तर एवढे थोर असेल, तर १९०५ पासून ११२ वर्षे हा खेकडा का दिसला नाही? त्याला शोधले ते पाण्यात उतरलेल्या माणसाने आणि कॅमेऱ्याने; सूचीने नव्हे. हे खरे आहे, आणि त्यात एक गमतीशीर विरोधाभास आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ने हजार वावांहून खोल, म्हणजे सहा हजार फुटांखाली जाळी टाकली आणि तिथले प्राणी कलकत्त्याला आणले. पण पन्नास फुटांपेक्षाही कमी पाण्यातली एक कपार तिच्या आवाक्याबाहेर होती. जाळे चिखलावर आणि वाळूवर फरफटत जाते. प्रवाळाच्या कडेखाली ते अडकते आणि फाटते. म्हणून खोल समुद्राचा तळ आधी नोंदला गेला आणि उथळ बेटांच्या कपारी मागे राहिल्या. हे गणित बदलले ते १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी फ्रान्समध्ये पाठीवर बांधायचे श्वसनयंत्र तयार केल्यावर, आणि त्याहून जास्त पुढच्या काळात, हजारो हौशी पाणबुडे त्याच त्याच कपारींत वर्षानुवर्षे डोकावू लागल्यावर. उद्यान संरक्षित असल्याने त्या कपारीही जागच्या जागी राहिल्या. तेव्हा सापडण्याचे श्रेय पूर्णपणे पाणबुड्यांचे. पण सापडणे आणि नवे ठरणे यांत किती अंतर असते, याचे मोजमाप झालेले आहे. २०१२ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त आलेल्या एका अभ्यासानुसार, नव्या जातीचा पहिला नमुना गोळा होण्यापासून तिचे वर्णन छापून येण्यापर्यंत सरासरी सुमारे २१ वर्षे जातात. एवढा काळ ते नमुने फडताळात पडून असतात, कारण समुद्रात उतरणारे पुष्कळ आणि जुन्या नोंदी वाचू शकणारे थोडे. बोनेरचा खेकडा लवकर निकालात निघाला तो नशिबाने. फोटो योग्य माणसाच्या हाती पडले म्हणून.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. फोटो इतके लख्ख निघतात, डीएनएचा क्रम काही दिवसांत हाती येतो, तर बाटलीतला मेलेला नमुना आणि काट्यांचे वर्णन कशाला? हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. हेंडरसन आणि अल्कॉक यांच्या पद्धतीत एक मोठी उणीव होती: स्पिरिटमध्ये रंग उडतो, त्यामुळे त्यांच्या बऱ्याच वर्णनांत जिवंत प्राणी कसा दिसतो हे जवळपास नाहीच. बोनेरच्या खेकड्याचे पट्टे छायाचित्राशिवाय नीट नोंदले गेले नसते. तरीही निव्वळ फोटोवर जात उभी करण्याचा प्रयोग करून पाहिलेला आहे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचे वर्णन पकडलेल्या नमुन्याशिवाय, फक्त छायाचित्रांवरून छापले गेले. त्यावर मोठा वाद झाला आणि शेकडो वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्यांचे निवेदन काढून विरोध नोंदवला. त्यांचा मुद्दा साधा होता. फोटोत जेवढे आले तेवढेच तपासता येते. पंजाखालचा खळगा फोटोत आला नसेल तर तो कायमचा गेला. डीएनएचे तर त्याहून वाईट: क्रम नवा असला तरी तो हेंडरसनच्या ‘झेब्रा’चाच आहे का, हे पाहायला जुन्या, स्पिरिटात मुरलेल्या नमुन्यातून तसा क्रम निघायला हवा, आणि तो दर वेळी निघतोच असे नाही. जुन्या नोंदी आकाराच्या भाषेत आहेत, म्हणून नवा दावाही आधी त्याच भाषेत मांडावा लागतो. १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक नव्या जातीसाठी नावाचा धनी असा नमुना ठरवून देणे नियमाने बंधनकारक आहे, ते याचसाठी. नंतर येणाऱ्याला वर्णनाच्या पलीकडे जाऊन ती वस्तूच पुन्हा विचारता आली पाहिजे.

तिसरा आक्षेप मला अधिक टोचणारा वाटतो. हे सगळे दप्तर साम्राज्यांचे आहे. बोट इंग्रज सरकारची, डॉक्टर गोरे, अंबोनला कंपनी डचांची, आणि बोनेर आजही युरोपातल्या एका देशाच्या ताब्यात. किनाऱ्यावरच्या लोकांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याला ‘शोध’ म्हणायचा हक्क यांना कुणी दिला? मोठ्या जातींच्या बाबतीत या आक्षेपात तथ्य आहे. कॅरिबियन बेटांवर जमिनीवर चालणारे शंखखेकडे मासेमारीला आमिष म्हणून कधीपासून वापरात आहेत. रुम्फियसची पुष्कळशी माहिती अंबोनच्या लोकांकडून आलेली आहे. ज्यांनी ती पुरवली त्यांची नावे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाहीत, हा अन्यायच. पण या अन्यायातून दप्तर निरुपयोगी ठरत नाही. उलट ते कुणाच्या हाती आहे हा प्रश्न जास्त गंभीर होतो. काही मिलिमीटरांचा, १३.७ मीटर पाण्याखाली मोरे माशाच्या बिळात राहणारा खेकडा कोणाच्याच पोटापाण्याचा नव्हता. त्याला वेगळे ओळखायची गरज फक्त या तुलनेच्या धंद्यालाच होती. आणि धंदा म्हणून त्याची मालकी बदलत गेली, हेही इतिहासातच आहे. इंडियन म्युझियमच्या प्राणिविभागातून १९१६ मध्ये झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया उभी राहिली. आज हिंदी महासागरातल्या शंखखेकड्यांबद्दल काही ठाम बोलायचे, तर वॉशिंग्टनच्या माणसालाही कलकत्त्याच्या कागदांकडे यावेच लागते. मुंबईत बी. एफ. छापगर यांनी १९५७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या समुद्री खेकड्यांची जी सूची दिली, तीही याच परंपरेतली. तिच्यात शंखातले खेकडे नाहीत. खऱ्या खेकड्यांवरच तिने भर दिला. पण पद्धत तीच, आणि या किनाऱ्यावर आज काय आहे आणि काय नाहीसे झाले हे विचारायचे असेल, तर आरंभबिंदू म्हणून तीच उपयोगी पडते.

राहिला तो दप्तराच्या जाचाचा आक्षेप. आधीचे नाव टिकवायचे, या नियमापायी लोक शतकापूर्वीचे निबंध उकरून काढतात आणि चांगली रुळलेली नावे पाडतात. याला डायोजिनीस प्रजातीतला एक खेकडा उत्तम साक्षीदार आहे. जर्मन पाद्री हेर्ब्स्ट याने १७९१ मध्ये वापरलेल्या एका नावाने तो वर्षानुवर्षे ओळखला जात होता. ते नाव हेर्ब्स्टने नवे दिलेच नव्हते. लिनियसच्या एका वेगळ्याच, कॅरिबियनमधल्या खेकड्याचे नाव त्याने चुकून इथे लावले होते. मॅक्लॉफ्लिन आणि हॉल्थुइस यांनी हे शोधून काढले आणि २००१ मध्ये त्याला नवे नाव द्यावे लागले. त्यांनी दिलेले नाव होते ‘एलियस’, म्हणजे ‘उर्फ’. वर्गीकरणाच्या लोकांना विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. किनाऱ्यावरच्या अभ्यासकाला असे फेरबदल त्रासदायक वाटणे स्वाभाविक आहे. जुनी यादी नव्या नावांशी जुळवत बसावी लागते. पण पर्याय काय? नाव चालत आले आहे म्हणून चालू ठेवायचे, तर दोन महासागरांतले दोन भिन्न प्राणी एकाच नावाखाली राहतात, आणि मग बोनेरसारख्या ठिकाणी तिसरा सापडला की त्याची तुलना कोणाशी करायची हाच घोळ होतो. जाच नियमाचा नसून मूळच्या ढिसाळ नोंदीचा आहे. हेर्ब्स्टने नमुना समोर ठेवून चार ओळी जास्त लिहिल्या असत्या, तर दोनशे वर्षांनी कुणाला त्याचा पाठलाग करावा लागला नसता.

खरा धोका जाचाचा नाही, नाशाचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीचे राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय जळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय. रिओतला मोठा भाग पुन्हा कधीच मिळणार नाही. समुद्रातला जीव तिथेच राहतो, कदाचित पुन्हा सापडतोही; पण ज्या नमुन्यावर नाव उभे आहे तो नमुना गेला की ते नाव हेर्ब्स्टच्या नावांइतके पोकळ व्हायला वेळ लागत नाही. तरीही मोहिमांना पैसा मिळतो, बोटींची चित्रे छापून येतात, आणि स्पिरिट बदलायला माणूस नाही म्हणून बाटल्या आटतात. कपारीत डोकावणाऱ्या पाणबुड्यांचे कौतुक रास्तच आहे. पण त्या डोकावण्याला ‘नवा’ हा शब्द जोडायचा, तर १९०५ च्या त्या सूचीचा खर्च कुणीतरी चालू ठेवावा लागेल.

लेमेत्र यांच्या निबंधाचे शीर्षकच प्रश्नचिन्हाने संपते: हा खेकडा मोरे माशाच्या बिळातला निव्वळ शेजारी आहे की त्याचा सफाई कामगार? तो माशाच्या अंगावर चढताना दिसला होता. त्वचेवरचा चिकट स्राव किंवा परजीवी खात असावा, असा अंदाज. एवढ्यावरून ठाम काही म्हणायला लेखक तयार नाही, आणि ते बरोबर आहे. जातीचे नाव छायाचित्रकार बाईंच्या नातीवरून दिले आहे. यावरही काहींनी नाक मुरडले असेल, पण टी-व्हॅनच्या नावाला जो नियम, तोच या मुलीच्या नावाला. उद्या कुणी कॅरिबियनमधल्या एखाद्या जुन्या बाटलीतून हाच खेकडा आधीच्या एखाद्या नावाखाली बाहेर काढला, तर हे नाव ‘गालापॅग्युरस’च्या पंक्तीत जाऊन बसेल. तोपर्यंत प्रजातीतली विसावी जात म्हणून त्याचे वर्णन, चित्रे, नमुने आणि जागेची खोली यांची नोंद झालेली आहे, आणि एकविसावीचा दावा घेऊन जो येईल त्याला आधी हीच पाने उलटावी लागतील.